रोजची स्विफ्ट आणि अधूनमधून ट्रॅक : पैसे कुठे घालावेत, कुठे घालू नयेत

बावधनकर

मंडळी, गाडी मॉडिफाय करायची म्हटलं की चर्चा बहुतेक वेळा एअर फिल्टर, एक्झॉस्ट आणि रीमॅपपासून सुरू होते. मला दुसऱ्या टोकापासून बोलायचं आहे. गाडी तीच, जी रोज बावधन ते हिंजवडी करते, रविवारी मंडईत जाते आणि मे महिन्यात घरच्यांना घेऊन कोकणात उतरते. तिलाच वर्षातून कधीतरी ट्रॅकवर न्यायचं. अशा गाडीबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे: इंजिनाला हात लावू नका, गाडी खाली करू नका (म्हणजे आखूड स्प्रिंग घालून तिची उंची कमी करू नका), आणि जो पैसा आहे तो टायर, ब्रेक आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, यांत घाला. याच क्रमाने.

गाडी २०२१ ची स्विफ्ट झेडएक्सआय, पेट्रोल, मॅन्युअल. १.२ लिटर, ९० पीएस, ११३ न्यूटन मीटर, वजन नऊशे किलोच्या आतबाहेर. सस्पेन्शनला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा दांडा), पुढे डिस्क, मागे ड्रम. कागदावर यात भारी असं काही दिसत नाही. पण वजन कमी असणं ही ट्रॅकवर फार मोठी गोष्ट आहे. तेवढंच कमी ओझं टायरवर येतं, ब्रेक कमी तापतात आणि गाडी वळायला लवकर तयार होते. शिवाय एखादा भाग गेलाच तर तो तालुक्याच्या गावीही मिळतो.

आता खरी अडचण. पुण्याहून मोठे ट्रॅक लांब आहेत. कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे घ्या, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा घ्या, दोन्ही बाराशे किलोमीटरच्या आसपास. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट त्याहूनही दूर. ट्रेलर आपल्याकडे नाही. म्हणजे ज्या टायरवर ट्रॅक मारायचा त्याच टायरवर कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत जायचं आणि त्याच टायरवर परत यायचं. मध्ये पाऊस लागणार, डायव्हर्शन लागणार, रंग न मारलेले स्पीडब्रेकर लागणार. परदेशातले व्हिडिओ बघून जी यादी तयार होते, तिच्यातली निम्मी कलमं या एका अटीपुढे गळून पडतात.

जाता जाता एक. कारी स्पीडवेला नाव आहे एस. करिवर्धन यांचं. त्यांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन एक आसनी फॉर्म्युला गाडी बनवली, फिस्मे नावाची, आणि त्या गाड्यांवर आपल्याकडची रेसर मंडळी तयार झाली. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. ट्रॅक २००३ मध्ये सुरू झाला. मारुती घेऊन ट्रॅकवर जायला ज्यांना संकोच वाटतो त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

टायर. गाडीचा रस्त्याशी संबंध फक्त चार ठिकाणी येतो, तळहाताएवढ्या जागेत. तिथे बदल केला की बाकी सगळ्याला अर्थ येतो. इथे पहिला मोह होतो तो माप वाढवण्याचा. १८५/६५ आर १५ चं १९५/६० आर १५ करावं असं सगळे सुचवतात. व्यासात जेमतेम एक टक्का फरक पडतो, त्यामुळे मीटरला काही होत नाही, हे खरं. पण आधी आपली रिम किती रुंद आहे ते बघा. रिमवरच कोरलेलं असतं. १९५/६० ला किमान साडेपाच इंच रुंदी लागते. पाच इंची रिमवर तो टायर बसवला तर टायरच्या भिंती रिमपाशी आत ओढल्या जातात, वळणावर ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग, एका कडेवर लोळतो आणि जास्त रुंदीचा टायर असूनही पकड कमी वाटते. मी माप बदललं नाही. त्याच मापात चांगल्या रबराचा टायर घेतला. रोजचे टायर जास्त किलोमीटर चालावेत म्हणून कडक रबराचे असतात. काही टायरच्या बाजूला ट्रेडवेअरचा आकडा असतो. तो जितका मोठा तितका टायर जास्त टिकणारा, आणि साधारणपणे पकड तितकी कमी. दोनशेच्या आसपासचे टायर ट्रॅकला सुंदर, पण हुबळीच्या अलीकडे धो धो पाऊस लागला तर हातपाय गार पडतात. तीनशेच्या आगेमागे असलेला, ओल्यात चांगला टायर आपल्या उपयोगाचा. घेताना भिंतीवरचा चार आकडी कोड वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळाला तरी घेऊ नका.

हवेचं तर स्वतंत्र शास्त्र आहे. ट्रॅकवर चार-पाच फेऱ्यांत टायर तापतात आणि हवा पाच-सहा पीएसआय वर जाते. त्यामुळे पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आल्यावर लगेच गेज लावायचा. मी एक साधी युक्ती वापरतो. टायरच्या खांद्यावर, म्हणजे ट्रेड संपून भिंत सुरू होते तिथे, तीन-चार जागी खडूने आडव्या रेघा ओढायच्या. फेऱ्या मारून आलं की बसून बघायचं, खडू कुठपर्यंत पुसला गेलाय. खांद्यावर एक छोटा त्रिकोण उठवलेला असतो, तिथपर्यंत पुसला असेल तर हवा बरोबर. त्याच्याही खाली भिंतीवर गेला असेल तर टायर लोळतोय, हवा वाढवा. त्रिकोणाच्या बराच वर थांबला असेल तर थोडी सोडा. पुढचा डावा आणि पुढचा उजवा यांत फरक दिसला की ट्रॅक कुठल्या बाजूला जास्त वळतो तेही कळतं. पाच रुपयांच्या खडूने जे कळतं ते महागड्या ॲपनेही इतकं सरळ कळत नाही.

ब्रेक. इथे हिशोबच करू. माणसासकट हजार किलोची गाडी ताशी १५० वरून ७० वर आणली की साधारण ६८० किलोज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात दोन लिटर पाणी उकळीला येतं. आणि हे एकदा नाही, प्रत्येक फेरीत, प्रत्येक मोठ्या वळणाआधी. यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. रोजच्या पॅडना हे झेपत नाही, पण पॅडच्याही आधी ब्रेक ऑइल हात टेकतं. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येत जातो. ऑइलच्या दर्जांपैकी डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट खाली जातं. ट्रॅकवर यापेक्षा भीतीदायक दुसरं काही नाही. म्हणून ट्रॅकच्या आधी ताजं, सीलबंद डब्यातलं डॉट ४ किंवा ५.१ घालून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या. खर्च हजाराच्या आगेमागे. फक्त डॉट ५ घालू नका. नाव सारखं असलं तरी ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही. पॅड एक पायरी वरचे घ्या, पण रेसचे नकोत. रेसचे पॅड गार असताना धरत नाहीत, आणि आपल्याला सकाळी चांदणी चौकात गार पॅडवरच थांबायचं असतं.

अलाइनमेंट. कंपनीची गाडी सुरक्षित राहावी म्हणून मुद्दाम अशी सेट केलेली असते की वेग जास्त झाला तर नाक बाहेर जावं, शेपूट सुटू नये. रस्त्यावर ते योग्यच. ट्रॅकवर मात्र पुढच्या टायरची बाहेरची कड जळून जाते आणि आतली कड नवी कोरी राहते. स्विफ्टचा स्ट्रट नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला, दोन बोल्टनी धरलेला असतो, त्यामुळे वरच्या जागी कॅम्बर बोल्ट घालून पुढच्या चाकांना साधारण दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर देता येतो, म्हणजे चाक वरच्या बाजूला आत कलवता येतं. टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं, जवळजवळ शून्य ठेवायचा. जास्त टो-आउट दिला तर वळायला मजा येते, पण बाराशे किलोमीटर हायवेला गाडी सतत इकडेतिकडे बघत राहते आणि टायर आतून गोटा होतात. दीड अंशाने मला रोजच्या वापरात झीज उलट सारखी पडताना दिसली. मागचा बीम आहे तसा सोडा.

शॉकअप. नवीन, कंपनीचे. बस्स. आपल्या रस्त्यांवर पन्नास-साठ हजारांनंतर शॉकअप गळत नसले तरी मेलेले असतात, आणि रोज चालवणाऱ्याला ते कळत नाही कारण ते हळूहळू जातात. त्याच वेळी लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, लिंक रॉड आणि वरचं स्ट्रट माउंटिंग बदलून घ्या. जुन्या बुशवर केलेली अलाइनमेंट पहिल्या जोरदार ब्रेकला बदलते.

स्ट्रट बार, चकचकीत ब्रेक कॅलिपर कव्हर, मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट यांबद्दल लिहीत नाही. त्यांनी गाडी वळत नाही. प्रश्न, अनुभव, मतभेद, सगळ्यांचं स्वागत आहे.

---

घाटप्रेमी

लेख आवडला, वाचनखूण साठवली आहे. पण गाडी खाली करू नका हे पटलं नाही. माझ्याकडे २०१९ ची स्विफ्ट आहे, तीस मिलिमीटर खाली करणाऱ्या स्प्रिंग टाकल्या आहेत. पसरणी घाटात आधी गाडी झुलायची, आता रुळावर चालल्यासारखी वाटते. बॉडी रोल, म्हणजे वळणात गाडीचं झुकणं, कमी म्हणजे पकड जास्त, हे साधं गणित आहे ना?

---

बावधनकर

घाटप्रेमी, धन्यवाद. गाडी झुलत नाही हे खरं, आणि स्टेअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो हेही खरं. पण पकडीचं गणित वेगळं आहे.

वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं हे वेग, वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. स्प्रिंग कडक आहे का मऊ, यावर ते जवळजवळ ठरतच नाही. समजा माणसासकट ९६० किलो, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर, चाकांतलं अंतर दीड मीटर आणि वळणात ०.८ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोर. सुमारे २८० किलो बाहेर जाणार. गाडी तीस मिलिमीटर खाली आणली तर हा आकडा पंधरा-सोळा किलोंनी कमी होतो. फायदा एवढाच.

त्या बदल्यात काय जातं बघा. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडी खाली बसली की लोअर आर्म आडवा होतो किंवा बाहेरच्या टोकाला वर जातो. मग वळणात चाक वर दाबलं गेलं की कॅम्बर वाढायचा थांबतो, टायर बाहेरच्या कडेवर जातो. रोल सेंटरही, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो, म्हणजे गाडीला झुकवणारा हात लांबतो आणि त्याला पुरं पडायला स्प्रिंग आणखी कडक कराव्या लागतात. आणि तिसरी, सगळ्यात वाईट गोष्ट: शॉकअपला वर जायला जागा उरत नाही. वळणात एखादा उंचवटा आला की दांडा बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर, आपटतो, त्या क्षणी पुढचं चाक दगडासारखं कडक होतं आणि नाक सरळ बाहेर जातं. कोरड्या घाटात हळू चालवताना हे कळणार नाही. ट्रॅकवर कर्बवर, म्हणजे कडेच्या उंचवट्यावर, चाक गेलं की लगेच कळतं.

आणि एक विनंती, मनापासून. घाटात वेग आजमावू नका. पसरणीला समोरून एसटी येते, कठड्याला माकडं बसलेली असतात, पर्यटक गाडी मध्येच थांबवून फोटो काढत असतात. पकडीची हद्द शोधायला ट्रॅकच हवा, कारण तिथे हद्द ओलांडली तर बाजूला मोकळी जागा असते.

---

घाटप्रेमी

बंप स्टॉपचं पटलं. वरंध्यात एकदा तसा दणका बसला होता, मला वाटलं शॉकअप गेला. पण स्टेअरिंगचा जो चटपटीतपणा येतो तो मला रोज मिळतो, ट्रॅक वर्षातून एकदा. त्यामुळे स्प्रिंग मी ठेवणार, ट्रॅकला जायचं झालं तर जुन्या परत टाकेन. घाटाबद्दलचं म्हणणं मान्य.

---

पाना_दहा_अकरा

माझं स्वतःचं गॅरेज आहे, त्यामुळे कॅम्बर बोल्टबद्दल दोन शब्द. हा बोल्ट मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, मध्ये एक्सेंट्रिक, म्हणजे फिरवला की चाकाचा कोन बदलणारा वाकडा उंचवटा, असतो. वरच्याच भोकात घालायचा, खालचा मूळ बोल्ट तसाच राहू द्यायचा. दोन्हीकडे कॅम्बर बोल्ट घातलेल्या गाड्या बघितल्या आहेत, तसं करू नका. बोल्ट घालण्याआधी स्ट्रटची कानपट्टी आणि नकल वायर ब्रशने स्वच्छ घासायची. तिथे गंज किंवा रंगाचा थर राहिला की घट्ट केलेला बोल्ट शंभर किलोमीटरमध्ये ढिला पडतो आणि कॅम्बर आपोआप बदलतो. टॉर्क रेंच लावूनच आवळायचा, पाइप घालून नाही. घट्ट झाल्यावर बोल्टच्या डोक्यापासून कानपट्टीपर्यंत पांढऱ्या मार्करने एक रेघ ओढून ठेवा. पुढे कधीही वाकून बघितलं की रेघ जुळते की नाही यावरून बोल्ट हलला का ते कळतं.

कॅम्बर बदलला की टो बदलतोच, म्हणून अलाइनमेंट कॅम्बर, मग टो अशाच क्रमाने. आणि गाडीत नेहमी जेवढं वजन असतं तेवढं ठेवून. एकटेच ट्रॅकवर जाणार असाल तर ड्रायव्हरच्या सीटवर कोणाला तरी बसवून अलाइनमेंट करून घ्या. मशिनवाला हसेल, हसू दे.

आणखी एक, चाक सरळ असताना आणि पूर्ण वळवून, दोन्ही वेळा ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटला घासत नाही ना ते हाताने चाचपून बघा.

---

बावधनकर

पाना, हे सोनं आहे. पांढरी रेघ ओढायची पद्धत माझ्या माणसानेही केली होती, पण का करतात ते तुम्ही नीट सांगितलंत.

---

कृष्णाकाठची

नमस्कार. मी सांगलीहून. चालवायची आवड आहे, पण घरात एकच गाडी आहे आणि आईला कंबरेचा त्रास. मागच्या सीटवर बसून ती महिन्यातून दोनदा मिरजेला डॉक्टरांकडे जाते. तुम्ही सांगितलेले बदल केले तर तिला त्रास होईल का? दुसरं, माझी गाडी व्हीएक्सआय आहे, १६५/८० आर १४ वर. आणि पहिल्यांदाच थेट कोइमतूर गाठायची हिंमत नाही. सुरुवात कुठून करावी?

---

बावधनकर

ताई, आईंना त्रास होणार नाही. स्प्रिंग मूळच्या ठेवायच्या यामागे माझंही तेच कारण आहे. नवे शॉकअप आणि नवे बुश बसले तर उलट मागे बसणाऱ्याला आराम वाटेल, कारण खड्ड्यातून निघाल्यावर गाडी दोन-दोनदा उसळत नाही. टायरमध्ये हवा मात्र दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे तेवढीच, आईंना घेऊन जाताना एक पीएसआयही जास्त नको.

टायरबाबत: तुमच्या गाडीला झेडएक्सआयचं माप, १८५/६५ आर १५, त्याच मॉडेलच्या रिमसकट बसवणं सगळ्यात सरळ. बाहेरचा व्यास १६५/८० आर १४ च्या जवळपास तेवढाच, सुमारे ६२ सेंटिमीटर, म्हणून कमानीत घासत नाही. भिंत तेरा सेंटिमीटरवरून बारा होते, तेवढ्यानेही वळणातली लोळण्याची भावना खूप कमी होते. जुन्या मालकाने झेडएक्सआयच्या रिम काढून विकल्या असतील तर बघा, पण वाकलेल्या नाहीत ना ते बॅलन्सिंग मशिनवर फिरवून घ्या. नट मात्र त्याच रिमचे हवेत; लोखंडी रिमचे नट अलॉयला बसतीलच असं नाही.

सुरुवात कोल्हापूरपासून करा. तुम्हाला तर तासाभराचा रस्ता. तिथे मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झालेल्या आहेत. कार्टला सस्पेन्शन नसतं, पॉवर स्टेअरिंग नसतं, त्यामुळे ब्रेक कधी सोडायचा, नजर कुठे ठेवायची आणि वळणातून बाहेर पडताना स्टेअरिंग कसं मोकळं करायचं हे हाताला फार लवकर उमगतं. गाडीवर रुपया न घालता जेवढं शिकता येतं तेवढं तिथे शिका, मग कारी. तो ट्रॅक २.१ किलोमीटरचा, आखूड. सरळ पट्ट्या लांब नसल्यामुळे ब्रेकवर कमी ताण येतो. बुद्धवर किलोमीटरभराची सरळ आहे, तिथे स्विफ्टचे ब्रेक लवकर थकतात. पहिला ट्रॅक म्हणून तो नको.

---

नियमावली

एक गोष्ट राहिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२ अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. टायर मूळ मापात ठेवा, पॅड आणि ऑइल हे झिजणारे भाग आहेत, हे सगळं चालतं. मोठे एक्झॉस्ट आणि भलत्या मापाची चाकं यांत अडकायला होतं.

विम्याचंही बघा. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपल्याच खिशातून, असं धरूनच जा. पॉलिसीचं ते पान काढून एकदा शब्दन् शब्द वाचा.

---

बावधनकर

अगदी बरोबर, हे मूळ लेखातच यायला हवं असं महत्त्वाचं आहे. माझा नियम साधा: पुढच्या भिंतीत गाडी गेली तर जेवढं नुकसान सोसता येईल तेवढ्याच किमतीची गाडी ट्रॅकवर न्यायची. म्हणूनही स्विफ्ट.

---

स्टुटगार्टवासी

इकडचा अनुभव. जर्मनीत बदल करायला मनाई नाही, पण प्रत्येक सुट्या भागासोबत मान्यतेचा कागद लागतो आणि बऱ्याच बदलांसाठी टीयूव्हीसारख्या वाहन तपासणी संस्थेकडून तपासणी करून गाडीच्या कागदपत्रांत नोंद करावी लागते. स्प्रिंग बदलली तरी इंजिनिअर गाडी लिफ्टवर घेऊन, चाक पूर्ण वळवून कुठे घासतंय का ते बघतो. त्यामुळे इथे रस्त्यावर दिसणारी खाली केलेली गाडी बहुतेक वेळा नीट केलेली असते. आपल्याकडे अशी सोय झाली तर लोक लपूनछपून करायचं थांबवतील असं मला फार वाटतं.

न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या जुन्या रेसट्रॅकला, तो पर्यटकांसाठी खुला असतो तेव्हा, मी माझी साधी पोलो घेऊन गेलो आहे. २०.८ किलोमीटरची फेरी, चढउतार एवढे की पुढचं वळण दिसतच नाही. तिथे वेळ मोजायला बंदी, ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि कठड्याला गाडी लागली तर कठड्याचं बिल आपल्याला येतं. बावधनकरांनी सांगितलेलं तिथेही तंतोतंत लागू पडलं. सोबतच्या एका मित्राच्या गाडीला अडीचशे अश्वशक्ती होती, ब्रेक ऑइल जुनं होतं. अर्ध्या फेरीत पेडल मऊ झालं आणि उरलेलं अंतर त्याने उजव्या कडेने हळूहळू काढलं.

---

डिझेलवाला

माझी २०१४ ची डिझेल स्विफ्ट, ७५ पीएस, १९० न्यूटन मीटर. हीच यादी लागू होईल का? पुढचे टायर नेहमी बाहेरून जातात.

---

बावधनकर

होईल, फक्त क्रमात ब्रेकला टायरइतकंच महत्त्व द्या. तुमच्या गाडीच्या नाकावर लोखंडी ब्लॉकचं इंजिन आणि टर्बो आहे, पेट्रोलपेक्षा वजन स्पष्ट जास्त. त्यामुळे वळणात नाक आधी दमतं, म्हणून बाहेरची कड जाते. पुढे कॅम्बर द्या, त्याचा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त फायदा होईल. आणि टॉर्क खालीच मिळतो म्हणून वळणातून बाहेर पडताना लवकर पाय दाबायचा मोह होतो. स्टेअरिंग सरळ व्हायला लागेपर्यंत थांबा. टायर निम्मे वाचतील. मागे जाड अँटीरोल बार (वळणात गाडीचं झुकणं रोखणारा दांडा) टाकायचा सल्ला मिळेल. कोरड्यात त्याने नाक छान आत येतं, पण पावसात हायवेला अचानक एक्सलरेटर सोडलात तर शेपूट सुटते. घरातली सगळी माणसं ती गाडी चालवत असतील तर नको.

---

मुळाकाठ

मी पुढच्या हंगामात जाणार आहे. ट्रॅकवर पोचल्यावर आणि परत निघताना नक्की काय काय करायचं ते लिहाल का? खर्चाचा अंदाजही.

---

बावधनकर

पोचल्यावर डिक्की पूर्ण रिकामी करायची: स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, सगळं. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट आधी काढा, ते पेडलखाली सरकलं तर ब्रेक दबत नाही. मोबाइल, गॉगल, नाणी, कप होल्डरमधली चार्जरची वायर, एकही सुटी वस्तू आत नको. गाडी ओढून न्यायचा पुढचा टो हुक कुठे बसतो ते आदल्या दिवशी बघून ठेवा. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पातळ तळव्याचे बूट. सीट नेहमीपेक्षा पुढे आणि सरळ घ्या. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. बेल्ट खेचून लॉक झाल्यावर सीट एक खाच मागे सरकवली की अंग नीट धरलं जातं.

पहिल्या फेऱ्या निम्म्या जोराने. कितीही मजा येत असली तरी चार-पाच जोरदार फेऱ्यांनंतर एक पूर्ण फेरी ब्रेकला हात न लावता हळू मारायची, म्हणजे डिस्क वाऱ्याने गार होतात. पिटमध्ये थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या ड्रमला लायनर चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे वीट लावा. ब्रेक पेडलवर पाय ठेवूनही उभं राहू नका, पॅड एकाच जागी दाबून राहिले तर डिस्कवर डाग पडतो आणि मग येताना हायवेवर स्टेअरिंग थरथरतं.

खर्च: टायरचा संच तीसच्या घरात, पॅड आणि ऑइल मिळून पाच-सहा, कॅम्बर बोल्ट आणि अलाइनमेंट तीन-चार, शॉकअप आणि बुश लागले तर वीसच्या आसपास, सगळं हजारांत. ट्रॅकची फी आणि जायचायायचा पेट्रोल-टोल वेगळा. यातलं टायर आणि शॉकअप तुम्हाला कधीतरी बदलायचेच होते, हे घरी सांगताना उपयोगी पडेल.

निघताना टायर पूर्ण गार होऊ द्या आणि मग स्टिकरवरच्या आकड्याएवढी हवा भरा. दिवसभर हवा सोडत आलेलो असतो, ती तशीच राहिली तर हायवेला टायर तापून फुटू शकतो. चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. चाक वळवून टायरच्या आतल्या भिंतीवर हात फिरवा, कर्बवर चढल्याने तिथे फुगवटा आला असेल तर बाहेरून दिसत नाही. कारीला असताना तसा फुगवटा लागला तर स्टेपनी लावून सावकाश कोइमतूर शहरात जा आणि टायर बदलूनच सेलमचा रस्ता धरा.